गार हातांचं गाणं

तुळशीराम,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. खोडलं. दुसरा कागद घेतला तर हात पुन्हा तिथंच अडला, म्हणून नुसतं नाव लिहिते आहे.

परवा तुझी तेरवी झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. तू होतास तेव्हा अकरा वर्षं मी गप्प राहिले. आता तू नाहीस, तरी गप्पच राहू? मग बोलायचं कधी? चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर हे पत्र लिहिते आहे. लिहायला बसलं की गुरुजींची मराठी येते. समोर असतास तर आपल्या बोलीत बोलले असते आणि चार शिव्याही दिल्या असत्या.

तू गेल्याचं मला कसं कळलं, सांगू? इथं गोंदियात मी बिड्या वळायला जाते. एका लांब पडवीत आम्ही वीस-पंचवीस बाया मांडीवर सूप घेऊन बसतो. आठ दिवसांमागं कामठ्याकडची एक नवी पोरगी आली. पान कापता कापता ती गुणगुणायला लागली,

हिरवे पऱ्हे रोवता रोवता हात झाले गार,
धुऱ्यावरच्या वाटसरा, मागं पाह्य एक बार.

माझ्या हातातली बिडी सुटली. तंबाखू लुगड्यावर सांडली. शेजारणीनं त्या पोरीला विचारलं, गाणं कोणाचं? ती म्हणाली, आमच्याकडच्या दंडारीत सोंग घेऊन गाणाऱ्या तुळशीरामाचं, ऊन लागून मागच्याच आठवड्यात गेला बिचारा.

दोन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या. तू गेलास, आणि गाणं तुझं. पहिली ऐकून रडू यायला हवं होतं. दुसरी ऐकून माझं अंग पेटलं.

तुला आठवत होतं का रे सगळं, की गाता गाता तुलाही ते तुझंच वाटायला लागलं होतं?

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा धानाचा रोवणा. मी सोळाची. आमच्या बांधीत गावातल्या बाया ओळीनं वाकून पऱ्हे रोवत होत्या. धानाच्या त्या रोपांच्या पेंढ्या तू बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून फेकत होतास. जुनी गाणी संपली आणि माझ्या तोंडून हे नवं निघालं. दोन ओळी म्हटल्या, मागच्या बायांनी उचलल्या. आणि तू खरंच मागं वळून पाहिलंस! इतक्या साध्या गोष्टीला मी भुलले. धुऱ्यावर उभं राहून तू विचारलंस, "हे कोनाचं गानं होये?" बाया हसल्या. मी मान वर केली नाही.

मग तू बोडीच्या काठावर यायला लागलास. तुमची म्हैस पाणी प्यायला आमच्याच बोडीवर का यायची, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. तू म्हणायचास, पुढचं कडवं म्हण. मी म्हणायची, पुढचं अजून झालं नाही. तू म्हणायचास, उद्या होईल का? उद्यापर्यंत मी ते करायची. शेण काढताना, धान कांडताना, आईच्या शिव्या खाताना करायची. तुझा गळा होता. मी म्हटलेली ओळ तू परत म्हणालास की ती माझीच आहे यावर माझा विश्वास बसायचा नाही. ते दिवस चांगले होते. ते मी नाकारत नाही. नाकारता आले असते तर एवढा राग कशाला आला असता?

एकदा धान उकडायच्या हंड्याची वाफ लागून माझं डावं मनगट भाजलं. तू बोडीवर माझा हात धरलास आणि फुंकर मारलीस. बास, एवढंच. त्यापलीकडे तुझ्यामाझ्यात काही झालं नाही. त्यावर मी एक कडवं केलं आणि तुला म्हणून दाखवलं. हे कडवं बांधीत म्हणायचं नाही, कुठंच म्हणायचं नाही, हे फक्त आपलं, असं मी म्हणाले होते. तू मान डोलावलीस. मंडईची जत्रा झाली की मामाला तुमच्याकडं मागणी घालायला पाठवतो, असंही त्याच दिवशी म्हणालास. जात एक, गाव एक, अडचण काहीच नव्हती.

दिवाळीनंतरच्या मंडईत भरदुपारी तुमची दंडार उभी राहिली. पाच गावांची माणसं जमलेली. तू बाईच्या सोंगात आलास. लुगडं नेसून, काजळ घालून तू माझं गाणं म्हणायला लागलास. पहिल्यांदा मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? बाया माझ्याकडं वळून हसत होत्या. लोकांनी दाद दिली. आणखी म्हण, आणखी म्हण, असं पुढचे ओरडायला लागले. तुझ्याजवळची कडवी संपली होती. तेव्हा तू ते म्हटलंस.

मनगटावर डाग माझ्या, फुंकर मारून गेला,
इथली आग इझली बाई, आत जाळ केला.

गावात मनगटावर डाग असलेली पोरगी एकच होती. पदर ओढून मी हात झाकला, आणि झाकला म्हणूनच ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. माझा बाप पुरुषांच्या घोळक्यात बसला होता. तो उठून गेला. त्याचं मुंडासं बसल्या जागी राहिलं, ते कोणीतरी घरी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गावातली चार जाणती माणसं बसली. बापानं मलाही उभं केलं होतं. त्यानं तुला शांतपणे विचारलं, "हे गानं कोनं बांधलं?"

तू म्हणालास, "म्या."

"मंग थे पोरगी कोन?"

तू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतास. म्हणालास, "कोनीच नाही. गान्यातली बाई हाय."

तू म्हणशील, 'तुझी अब्रू वाचवायला खोटं बोललो.' हे उत्तर मी तुझ्या वतीनं हजार वेळा देऊन पाहिलं आहे. पण माझी अब्रू वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. हिच्याशी लगन करतो, एवढंच म्हणायचं होतं. माझा बाप ते ऐकायलाच आला होता. भांडायला आला असता तर तेवढ्या शांतपणे बोलला नसता. आणि अब्रूचीच काळजी होती, तर पुढच्या मंडईत तेच कडवं पुन्हा का म्हटलंस? त्याच्या पुढच्या? नंतर कळलं, आमगावची सोयरीक तुझ्या बापानं आधीच ठरवली होती आणि तुला ते दिवाळीआधीपासून ठाऊक होतं. म्हणजे बोडीवर मामाचं बोललास तेव्हाही ठाऊक होतं.

मी का नाही बोलले, हेही मी स्वतःला विचारते. गाणं माझं आहे असं त्या पारावर म्हणाले असते, तर डागही माझा, जाळही माझा. तू मला अशा जागी उभं केलंस, की आपली वस्तू मागणं म्हणजे आपलं तोंड काळं करणं होतं. सोळा वर्षांच्या पोरीनं काय करायचं होतं?

महिन्याच्या आत माझं लग्न लावलं. घाईत जसं मिळतं तसं स्थळ मिळालं. गोंदियाला लाकडाच्या टालीवर काम करणारे, पहिली बायको वारलेली, वयानं बारा वर्षांनी मोठे. निघताना आई रडली, बाप घरात नव्हता. पुढं तो जिवंत असेपर्यंत माझ्याशी एक वाक्य बोलला नाही. तो माझं तोंड न बघता गेला. हे तुझ्यापर्यंत कधी पोचलं होतं का?

आणि मग तू एकदा आलास. माझी पोरगी तेव्हा चार वर्षांची होती. दुपारी दारात उभा राहिलास, धोतर पांढरं, केसांना तेल. वाटलं, माफी मागायला आला. उशिरा का होईना, आला. मी तुला पाणी दिलं. तू पाणी प्यालास, इकडचं तिकडचं बोललास, आणि म्हणालास, "लोकायले नवं पाह्यजे, दुरपता. थेच थे आयकून कंटाळून राहिले. तुले सुचते. एखादं दे ना."

गाणं मागायला आला होतास तू!

मी म्हणाले, "मले काही सुचत नाही आता." खोटं होतं ते. जात्यावर, पाळण्यावर, बिड्या वळताना, मी करतच होते. पण तुला द्यायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता. तू थोडा वेळ बसलास आणि गेलास. तू गेल्यावर ज्या पेल्यातून प्यालास तो मी राखेनं तीनदा घासला.

संध्याकाळी घरधन्यांनी विचारलं, कोण येऊन गेलं? त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं, मारतील तर मारोत म्हणून. ते जेवत होते, जेवतच राहिले. मग म्हणाले, त्या मंडईला ते होते. गाणं ऐकलं होतं. आणि ते बाईनं बांधलेलं आहे हे त्यांनी तिथंच ओळखलं होतं.

मी विचारलं, "कसं काय?"

ते म्हणाले, "रोवताना हात गार होते हे गड्याले काय मालूम? आमी पेंढ्या फेकतो अन् धुऱ्यावर बिडी पेटवतो."

तुळशीराम, पाच गावं ऐकत होती. मारुतीच्या पारावर चार जाणती माणसं बसली होती. एवढी साधी गोष्ट एका टालीवरच्या हमालाला कळली, आणि त्यानं डाग बघून, सगळं जाणून माझ्याशी लग्न केलं. त्या माणसावर मी परवापर्यंत एक गाणं केलं नव्हतं. याचा राग तुझ्यावर काढता येत नाही. तो माझा माझ्यावर आहे.

तेरवीला मी आले होते. येऊ नये असं वाटत होतं, पण घरधनीच म्हणाले, जाऊन ये, नाही तर आयुष्यभर इथंच कुरकुरशील. बैलबंडीनं आले. अकरा वर्षांनी त्या गल्लीत पाय टाकला. पंगत उठल्यावर तुझ्या दंडारीतल्या लोकांनी ढोलक काढली आणि तुझी आठवण म्हणून तेच गाणं म्हटलं. तुझ्या दोन्ही पोरी खांबाला टेकून त्यांच्या मागं म्हणत होत्या. थोरलीचा आवाज तुझ्यावर गेला आहे. आमच्या बापानं बांधलं, असं ती शेजारच्या पोरीला सांगत होती.

तुझ्या बायकोनं, पारबतानं, मला ओळखलं. कसं, ते मी विचारलं नाही. तिनं मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "शेवटच्या दिवशी तापात होते, पन शुद्धीवर होते. म्हनाले, थे गानं मायं नोहे, दुरपताचं होये."

बरं वाटायला हवं होतं ना? तू तेच समजून डोळे मिटलेस ना, की ओझं उतरलं? पाच गावांसमोर घेतलंस आणि बंद खोलीत परत दिलंस! तेही मला नाही. आयुष्यभर जिला हे ठाऊक नव्हतं त्या बाईच्या पदरात टाकून गेलास. ती बिचारी माझ्यासमोर हात जोडून उभी होती. म्हणाली, मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते, तुम्ही म्हणाल तर आत्ता सांगते. जी हिंमत तुला पारावर झाली नाही, ती तिच्या अंगात होती. तिचं कुंकू पुसून पंधरा दिवसही झाले नव्हते.

बाहेरून पोरींचा आवाज येत होता. मी तिला म्हणाले, आज नको. ज्या पोरींचा बाप आत्ताच गेला, त्यांच्याकडून गाणं कसं काढून घेऊ? फक्त ते डागाचं शेवटचं कडवं त्यांना म्हणू देऊ नका, एवढंच मागितलं. ती हो म्हणाली. कारण विचारलं नाही तिनं.

पण तू याला क्षमा समजू नकोस. पोरींवर दया केली, तुझ्यावर नाही.

काल पडवीत बाया म्हणाल्या, तू कधीच गात नाहीस, आज तू म्हण. मी एक नवं म्हटलं. रांधून ठेवल्यावर घरी उशिरा येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या माणसाचं गाणं होतं ते. एकीनं विचारलं, कोणाचं आहे हे? मी म्हणाले, माझं. कोणी हसलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. सगळ्या पुढची बिडी वळायला लागल्या.

आता तुला एक वचन देते. तुझ्या पोरी मोठ्या होतील, लग्न होऊन सासरी जातील. त्याआधी एक दिवस मी पारबताला घेऊन त्यांच्यासमोर बसेन आणि सगळं सांगेन. तुझा गळा गोड होता, ते सांगेन, कारण ते खरं आहे. मला तू आवडत होतास, तेही सांगेन. आणि तू पारावर काय म्हणालास, ते शब्दन् शब्द सांगेन. गोड करून सांगणार नाही. मग त्यांना जे वाटेल ते वाटो. तुझ्या थोरलीला गाणी सुचत असतील, तिचा चेहरा मला तसा वाटला. तिला सांगेन, बाई, कुणी विचारलं कोणाचं, तर मान खाली घालू नकोस.

दुरपता
गोंदिया