कोटिंग झालं की आवाज बसेल

२८ सप्टेंबर २०२५, रविवार
गाडीला नवा सायलेन्सर. कंपनीचा नाही, बाहेरचा, स्टेनलेस स्टीलचा. कारण लिहून ठेवतो: जुना खाऱ्या हवेने सडला होता.
सडला नव्हता. एक भोक होतं. गॅरेजवाला सुरज म्हणाला होता, सर, वेल्डिंग मारतो, दोन वर्षं बघायला नको. मीच नको म्हणालो. त्याच्याकडे आलेल्या एका गाडीला हा लावलेला ऐकला आणि छातीत काहीतरी झालं. वय त्रेचाळीस.
बायकोला, डेल्फिनला, सांगितलं, मायलेज वाढेल. ती म्हणाली, काय वाढलंय ते मला ऐकू आलं.

३० सप्टेंबर
संकल्प: ऑक्टोबर रोझरीचा महिना. रोज संध्याकाळी सात वाजता मर्सी मावशीबरोबर रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणायची. एकतीसही दिवस. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता ती अंथरुणावर, आमच्या घरापासून तीन दारं अलीकडे. शब्द दिला. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

१ ऑक्टोबर
कंपनीतून यायला सात दहा. रोझरी सुरू झाली असणार. मध्येच घुसणं बरं दिसत नाही. उद्या.

२ ऑक्टोबर
सुट्टी. गाडी धुतली. दमलो.

३ ऑक्टोबर
सात दहा. मावशीच्या दाराशी गाडी हळू केली. आदर म्हणून.
क्रुसाजवळच्या फळ्यावर सूचना आहे: गावात मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावू नयेत. मजकूर माझा. सहीही. गावातल्या क्लेटन नावाच्या पोराच्या बाइकसाठी लिहिली होती. त्याने मुकाट्याने सायलेन्सर बदलला. आज मला थांबवून त्याने ती सावकाश मोठ्याने वाचून दाखवली. म्हणाला, अंकल, मराठी एकदम कडक.

४ ऑक्टोबर
उपाय सापडला. सिरॅमिक कोटिंग. मी फिजिक्सचा पदवीधर. उष्णता म्हणजे कंपन, आवाज म्हणजेही कंपन. जे एक अडवेल ते दुसरंही अडवणार.
सुरज म्हणाला, सर, कोटिंग गरमीसाठी असतं, आवाजाला नाय. शिकलेल्या माणसाने प्रत्येकाशी वाद घालू नये. करून दे म्हणालो.
आवाज बसला की मावशीकडे. अशा गाडीतून प्रार्थनेला जाणं मनाला पटत नाही.
(तीन दारं. चालत जाता येतं. हे मला माहीत आहे.)

११ ऑक्टोबर
कोटिंग झालं. आधी वाळूचा मारा करून पाइप खरवडला, मग फवारणी. रंग सुक्या बोंबलासारखा. सुरजने बजावलं: इंजिनच्या गरमीने पक्कं होईपर्यंत हात लावायचा नाय. दहा मिनिटं चालू, मग पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, असं तीनदा.
घरी येऊन हात लावला.

१२ ऑक्टोबर, रविवार
सगळं गाव चर्चमध्ये मिस्साला असताना गाडी तापवायची, असा बेत. डेल्फिनला सांगितलं, पोट बिघडलंय. पाइपातून धूर आणि जळका वास. आवाज होता तेवढाच. अंगठ्याचा ठसा मात्र पक्का झाला, रेषांसकट.
नंतर लक्षात आलं: मावशी रविवारचा मिस्सा मोबाइलवर ऐकते.

२० ऑक्टोबर
सात दहा. हळू केली, गेलो. आता इतक्या दिवसांनी जायचं तर आधी कारण हवं. ओव्हरटाइम? तिला आवडेल असं काहीतरी शोधतोय.

२९ ऑक्टोबर
आज सुचलं. रोज तिच्या दारावरून गाडी जाते, म्हणजे मी वेळेत घरी येतो हे तिला कळत असणार; मग ओव्हरटाइम पटणार नाही. गाडी क्रुसाजवळ लावली, चालत आलो. तिच्या दाराशी चपला हातात घेतल्या. सूचनेचंही पालन झालं.

३० ऑक्टोबर
तसंच. छान जमलं.

३१ ऑक्टोबर
चपला हातात. मावशीच्या दारात तिची सून नॅन्सी उभी. माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाली, दोन दिवस गाडीचा आवाज नाय, मम्मीने रोझरीच सुरू करू दिली नाय, हातात माळ धरून नऊपर्यंत बसते, एरॉलला काय झालं विचारते.
मग बाकीचं सांगितलं. पहिल्या दिवशी माझ्यासाठी अर्धा तास थांबल्या. तेव्हापासून गाडी दाराशी हळू झाली की मावशी म्हणायची, एरॉल आला, चला, सुरू करा.
जवळजवळ महिनाभर ती म्हणत होती, आला.
आत गेलो. ओव्हरटाइमचं तयार होतं, बोललो नाही. तिने विचारलं, गाडी बरी आहे ना? बरी आहे म्हणालो. रोझरीतली रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, मला क्रमाने आठवेनात. ती सांगत गेली, मी मागून म्हणालो.
निघताना म्हटलं, मावशी, हा सायलेन्सर बदलत नाही, म्हणजे तुला कळेल मी आलो.
ती म्हणाली, आत आलास की कळतं रे बाबा.
बाहेर येऊन चपला घातल्या. आज महिन्याचा शेवटचा दिवस.