जावईबापूंची तांबोशी

कळंबा, कोल्हापूर
शनिवार, भर दुपार

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या भावाचा, म्हणजे तुझ्या नृसिंहाचा, साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला असल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे, तरी पूर्ण घातला असे समजावे.) आम्ही इकडे खुशाल. तुझी कंबर कशी आहे? आमच्या श्यामलाने पाठवलेलं तेल लावतेस, की बाटली फळीवर ठेवून नुसती बघत बसतेस? दाजींची शुगर कशी आहे? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण मुरगूडला फोन लावला की तू तो स्पीकरवर टाकतेस, आणि मग दाजी, शेजारची बायडाबाई आणि दुकानात खत न्यायला आलेलं गिऱ्हाईक, सगळे मध्ये बोलतात. हे बोलणं त्यातलं नाही, म्हणून पत्र. दाजी दुकानात गेल्यावर वाच आणि वाचताना ओठ हलवू नकोस.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुझ्या जावयाबद्दल माझ्या मनात काहीही नाही. अंतराला लग्नात हात धरून बोहल्यापर्यंत आणली ती मीच, मामा म्हणून. उन्मेष मुलगा चांगला आहे, मलकापूरची माणसं सरळ आहेत, नोकरी इथे कोल्हापुरातच, आवाज खाली, दात एका ओळीत. मला एवढंच म्हणायचं आहे की एका माणसाला किती मान द्यावा याला काही सुमार असावा. बाकी काही नाही. (तरी पत्र लांबणार आहे. चहा ठेवला असशील तर उतरवून ये.)

तुला माहीतच आहे, दर रविवारी दाजी मुरगूडहून येतात आणि कळंबा तळ्याच्या बांधावर आम्ही दोघं शेजारी शेजारी गळ टाकून बसतो. तुझं लग्न झालं तेव्हा मी हाफ पँटीत होतो, तेव्हापासूनचा हा नेम. फारसं बोलत नाही आम्ही. (तू एकदा विचारलं होतंस, दिवसभर दोघं करता तरी काय? काही करत नाही, तेच तर चांगलं असतं.) बोललोच तर विषय एकच, एकदा समुद्रावर जायचं, बोटीतून पार खोल पाण्यात, आणि तळाचा मासा धरायचा. "नरसू, एकडाव जायचं म्हंजे जायचं. तू आनि मी," दाजी म्हणायचे. आक्का, 'तू आनि मी' हे शब्द पुन्हा वाच आणि त्यात जावई कुठे दिसतो का सांग. यंदा उन्मेषचा पहिला दिवाळसण आला. लोक जावयाला अंगठी देतात, घड्याळ देतात, दाजींनी आमचा समुद्र उचलून त्याला दिला! आणि मला निरोप काय, तर "नरसू, तुला गळातलं कळतंय, जावईबापूंच्या संगट चल." मी, जावईबापूंच्या संगट! इतका हेवा मला कुणाचा वाटला नव्हता, अमरसिंह माझ्यानंतर शाळेत लागून माझ्याआधी हेडमास्तर झाला तेव्हासुद्धा नाही.

गाडीत पुढची सीट जावईबापूंना. मागे मी, आणि माझ्या मांडीवर बर्फाचा डबा. गगनबावड्याचा घाट उतरताना दर वळणाला दाजी मागे न बघता विचारत होते, "जावईबापू, तरास न्हाय न्हवं?" मला कुणी विचारलं नाही. मला होत होता. मालवणला पोचलो तर बोट शेअरची निघाली. शेअरची बोट म्हणजे आपली वडाप गं, सगळ्या जागा भरल्याशिवाय सुटत नाही. बेळगावचे दोन भाऊ होते, आणि पुण्याचं एक जोडपं होतं, त्यातल्या बाईंची टोपी एवढी मोठी की एका माणसाची जागा तिनेच घेतली होती. तरीही दाजींनी बोटीत चढल्या चढल्या सगळ्यांना सांगून टाकलं, "पावणं, आमचं जावई हायत, दिवाळसणाला आल्यात, जरा म्होरं बसू द्या." आणि काय नवल, सगळे सरकले! तांडेलसुद्धा (म्हणजे बोट चालवणारा) उठून म्हणाला, जावई काय, मग या बसा. मी इंजिनाशेजारी बसलो. तिथे धूर, धग आणि डिझेलचा वास एकत्र मिळतो.

किनारा दिसेनासा झाला आणि बोट उभी केली. चालती बोट बरी असते, हे मला उभ्या बोटीवर कळलं. आधी उन्मेष पांढरा पडला, मग मी. दाजींनी त्याची पाठ चोळली, लिंबू हुंगायला दिलं, वेलदोडा दिला, स्वतःचा टॉवेल समुद्रात भिजवून त्याच्या कपाळावर ठेवला. मी दुसऱ्या बाजूला बोटीच्या काठावर आडवा पडून सकाळची मिसळ अरबी समुद्राला अर्पण करत होतो, तेव्हा मला दाजींचा जो आधार मिळाला तो असा: "नरसू, वाऱ्याकडं तोंड करू नगंस, आमच्या अंगावर यायलंय." आक्का, लहानपणी मला गोवर आला होता तेव्हा हेच दाजी मुरगूडहून सायकल मारत मला बघायला आले होते. माणूस बदलतो म्हणतात, पण इतका?

तळाचा मासा धरायचं काम तळ्यापेक्षा अगदी वेगळं आहे. पाण्यावर बघायला काही नसतंच. दोरीला शिशाचं वजन असतं, ते खाली खाली जातं आणि तळाला टेकलं की बोटाला कळतं. मग दोरी वीतभर वर उचलायची आणि बोटावर जीव ठेवून वाट बघायची. आमिष म्हणून बांगड्याचे तुकडे मिळतात. ते मी घेतले नाहीत. मी घरून माझी कणीक मळून नेली होती, कळंब्याची, लसूण, हिंग आणि तांबड्या रश्शावरचा कट घातलेली. (या कणकेवर दाजींनी वर्षानुवर्षं मासे धरलेत. हे त्यांनी त्या बोटीत एका शब्दाने कबूल केलं नाही.) ती कणीक खाऱ्या पाण्यात तळापर्यंत पोचायच्या आत विरघळून जायची आणि वर नुसता तेलाचा लाल तवंग यायचा. पुण्याच्या बाई म्हणाल्या, बोटीतून काहीतरी गळतंय. त्यावर तांडेलाने उठून इंजिन तपासलं. शिवाय तळ्यावरच्या सवयीने मी दोनदा सगळ्यांना "आवाज करू नका, मासा पळतो" असं सांगितलं, तेही फटफटणाऱ्या इंजिनाशेजारून. बेळगावचे भाऊ त्यानंतर माझ्याकडे बघून कानडीत बोलत होते. मी अर्थ विचारला नाही.

शेवटी मुकाट्याने बांगडा लावला. पहिल्यांदा लागला तो केंड. बाहेर काढला की हा मासा रागाने फुगून गोल होतो आणि खायच्या काही कामाचा नसतो. अख्खी बोट हसली. दाजी सगळ्यांत मोठ्याने, "नरसूला दिवाळीचा फुगा घावला!" मी त्याला सोडून दिला. जाताना तो माझ्याकडेच बघत होता आणि मला त्याचं सगळं पटत होतं.

आता मुद्द्यावर येतो. थोड्या वेळाने माझ्या दोरीला असा हिसका बसला की मी बसल्या जागेवरून काठापर्यंत ओढला गेलो. दोरी बोटांतून कापत सुटली. दाजी लगेच माझ्या मागे, माझा पट्टा धरून. "सोडू नगंस! दम दे, दम दे! आता वड! शाब्बास रं माझ्या वाघा!" आक्का, तेवढा वेळ फक्त आम्ही दोघं होतो. जावई नव्हता, बोट नव्हती, काही नव्हतं. माझ्या बोटांतून रक्त येत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मग पाण्याखाली लाल काहीतरी चमकलं. तांडेल ओरडला, तांबोशी! लालभडक, भली मोठी, दोन हातांत न मावणारी. आणि त्याच क्षणी दाजींनी माझा पट्टा सोडला, माझ्या हातातली दोरी घेतली आणि मागे वळून म्हणाले, "जावईबापू, या. धरा. तुमच्या हातानं वर घ्या."

मी काय करणार होतो? जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला मामाने दोरी धरून ठेवायची का? आपल्याकडे कुणी धरली असती? मी बाजूला झालो. एवढंच नाही, "या, या, जावईबापू," असं मीसुद्धा म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो. उन्मेषने शेवटची हातभर दोरी ओढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेळगावकरांनी त्याच्याशी हात मिळवले. दाजींनी फोटो काढला. त्या फोटोत उन्मेष आहे, तांबोशी आहे, पुण्याच्या बाईंची टोपी आहे आणि डाव्या कडेला एक कोपर आहे. कोपर माझं. दाजींच्या स्टेटसला तो तू बघितलाच असशील, 'आमच्या जावईबापूंची पहिलीच शिकार'. खाली सगळ्या मुरगूडने अंगठे दिलेत. श्यामलाने तीन बदाम पाठवलेत. माझी बायको! घरी येऊन मी तिला बोटांवरचे वळ दाखवले, तर म्हणाली, हळद लावा आणि जावयाशी बरोबरी करू नका.

असो. माझ्या मनात खरंच काही नाही. वडीलधाऱ्यांना नमस्कार, अंतराला आशीर्वाद, जावईबापूंना यथायोग्य. (यथायोग्य म्हणजे किती ते तू ठरव.)

तुझा धाकटा भाऊ,
नृसिंह

ता. क. तुझा स्टीलचा मोठा डबा श्यामलाकडे आहे. तो पाठवतो. झाकण मिळत नाही.

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार तोच दारात उन्मेष. एकटाच, हातात केळी घेऊन. बराच वेळ बूट काढत बसला, मग म्हणाला, "मामा, मला मासं चालतच न्हाईत हो. वासानंच ढवळतंय. पन पप्पास्नी सांगायचं कसं? आता दर रविवारी मला मुरगूडच्या तळ्यावर न्हेऊन बसवत्यात." वर म्हणाला, "आनि त्यो मासा तुमचा हुता, ह्ये मी अंतराला त्याच दिवशी सांगितलंय. पप्पांच्या म्होरं बोलायचं धाडस झालं न्हाय." आता मला सांग, या पोरासाठी मी एवढा राग साठवून ठेवला होता, तो कुठे नेऊन टाकू? दोनदा चहा पाजला. केळी चांगली होती.

ता. क. तिसरा. खरं काम हे आहे. जावयाला मासे चालत नाहीत, हे दाजींच्या कानावर तू घाल. तू बोललीस की ते ऐकतात, वर दिसू देत नाहीत. माझं नाव मात्र मध्ये काढू नकोस. त्यांना आपणहून आठवलं पाहिजे. (फारच वेळ आठवलं नाही, तर काढ.)

ता. क. शेवटचा. दिवाळीपासून दाजी कळंब्याला फिरकलेले नाहीत. मी जातो. माझ्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतो. मागच्या रविवारी एकाने येऊन विचारलं, "पावणं, हितं कोन बसलंय का?" मी "हाय की, आत्ता येत्यात" म्हणून सांगितलं. तो बिचारा अंधार पडेपर्यंत उभ्यानेच गळ धरून होता, आणि मी त्याला बस म्हणालो नाही.