आपलं कोणी नाही अशा गावात मुक्काम

बाबा, तुमची पणती आज सकाळी पाठीवर एक पिट्ठू बॅग टाकून एकटीच हिमाचलकडे निघाली. दोन पट्टे खांद्यात, दोन्ही हात मोकळे, अन् चालणं असं का जणू पाठीवर काही नाहीच. मी फाटकापाशी उभी राहून पाहत होती. तुम्ही असते तर आधी हेच विचारलं असतं, "तिथं आपलं कोण आहे?" कोणीच नाही, बाबा. ना मावशी, ना आत्या, ना गावातला कोणी. तेच सांगायले बसली. सहावीत शाळा सुटली तेव्हाचंच माझं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तुमाले आठवते का, मी पाचवीत होती अन् आमच्या बाईंनी पोरींची सहल काढली होती, एक रात्र मुक्काम. तुम्ही कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या भट्टीवर ड्यूटी करून आले होते, आंगणात तोंड धुऊन राहिले होते. मी मायच्या मागं उभी राहून बोलली. तुम्ही तोंडावरचा साबणही काढला नाही. "जिथं आपलं कोणी नाही तिथं रात्र काढायची नाही. समजलं?" समजलं. मी रडली नाही, पण त्या दिवशी जेवली नाही, हे मायले माहीत होतं. पुढं अख्खी जिंदगी मी तुमचा नेम पाळला. गोंदियाले आत्याकडे गेली, तुमसरले नणंदेकडे गेली, नागपूरले जावेच्या माहेरी गेली. गावं किती पाहिली विचारशान तर एकही नाही, स्वयंपाकघरं मात्र सगळी पाहिली. पाय धुतले का लगेच कोणीतरी म्हणणार, "आली बाई, आता पोया लाटायची चिंता नाही." पाहुणी जाणं म्हणजे दुसऱ्याच्या पोळपाटावर लाटणं, एवढंच मले ठाऊक.

तर मागच्या हिवाळ्यात या पोट्टीनं घरी सांगितलं, कॉलेज झालं, ट्यूशनचे पैसे जमले, आता मले फिरायचं आहे. स्वस्तात, एकटीनं. माझा पोरगा, म्हणजे तिचा बाप, जेवता जेवता थांबला. अन् काय बोलला असंल? तुमचंच वाक्य, शब्दाले शब्द. "जिथं आपलं कोणी नाही तिथं पोरगी रात्र काढणार?" त्याले तर तुम्ही नीट आठवतही नाही, तो चार वर्षांचा होता तुम्ही गेले तेव्हा. माझ्याच तोंडून ऐकलं असंल त्यानं. पोट्टी ताटावरून उठली, अन् तिचं तोंड पाहून मले माझंच पाचवीतलं तोंड दिसलं.

मग मी बोलली, बाबा. तुमच्या विरोधात तुमालेच उभं केलं, माफ करा. म्हटलं, "तुझे आजोबा भिलाईत उतरले तेव्हा इथं आपलं कोण होतं रे? कारखानाही पुरा उभा नव्हता. एक घोंगडं, एक लोटा, पायात टायरची चप्पल. पहिली रात्र टिनाच्या शेडमध्ये काढली, एका बाजूले ओडिया माणूस, दुसऱ्या बाजूले पंजाबी, कोणाची बोली कोणाले समजे ना. ते भेले असते तर तू आज भंडाऱ्यात कोणाच्या धानात असता." तो हसला. म्हणे, "मग आई, तूच जा तिच्यासंग." त्यानं चेष्टेत म्हटलं होतं. मी म्हटलं, "हाव, जाते."

आता या असल्या फिरण्याचा पहिला नियम ऐका. आपलं ओझं आपणच उचलायचं. कुली नाही, पोरगा नाही, जावई नाही. मी आपली भरली बॅग: दोन चादरी, चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, चार लुगडी, बाळकृष्ण, चहासाठी छोटं पातेलं. पोट्टी मले भिलाईच्याच पावर हाउस स्टेशनवर घेऊन गेली अन् म्हणाली, "आजी, ये पुल चढून दाखव. चढली तर सब कुछ ने, मी काही नाही बोलत." अर्ध्या पायऱ्यांत माझा दम गेला, तिथंच बसली. बाजूनं भाजीवाली चालली होती, डोक्यावर टोपली. "कहां जाथस दाई?" मी तिच्याच छत्तीसगढीत म्हटलं, "कहूं नइ जावत हंव बहिनी, चढे बर सीखत हंव," कुठंच जात नाही, चढायले शिकून राहिली. ती एवढी हसली का टोपली हलली. घरी येऊन पोट्टीनं बॅग उलटी केली. बरणी गेली, पातेलं गेलं, चादरी गेल्या. दोन लुगडी राहिली, एक अंगावर, एक बॅगमध्ये. रोज धुवायचं, रोज वाळवायचं. एक पंचा, औषधं, पाण्याची बाटली, छोटं कुलूप, अन् आधार कार्डाच्या दोन कापी दोन जागी. बाळकृष्णाले मात्र मी सोडलं नाही. पोट्टी म्हणे, "ठीक है, त्याचं वजन कमी आहे." दुसऱ्यांदा मी पूल चढली अन् उतरली, अन् वरून खाली पाहून मले इतकं बरं वाटलं का बस.

आम्ही विशाखापट्टणमले गेलो. स्लीपरच्या डब्यात, खिडकीशी बसून. पोट्टीचे नेम पक्के. नव्या गावात उजेडी पोचायचं. रस्ता विचारायचा तर दुकानातल्या बाईले विचारायचा. जेवायचं तिथं, जिथं ऑटोवाले जेवतात. अन् झोपायचं हॉस्टेलात. शाळेचं हॉस्टेल नाही, बाबा, फिरणाऱ्यांचं. एका खोलीत आठ खाटा, एकावर एक, ज्याचा त्याचा परदा, ज्याची त्याची पेटी. आमची खोली फक्त बायांची. टेबलामागचा माणूस मले पाहून म्हणे, "दादी, आप भी?" मी म्हटलं, "का? खाट मोडंल का?" त्यानं मले खालची खाट दिली. खोलीत एक केरळची, एक बंगालची, एक पुण्याची. पोट्टीले वाटलं आजी बिचकणार. पण भिलाईत आपल्या सेक्टरच्या नळावर कोण्या मुलखाची बाई नव्हती, सांगा. शेजारच्या तेलुगू अक्काजवळ वीस वर्षं मी विरजण मागितलं, तिचे चार शब्द मले येतात. इडलीच्या गाड्यावर मी "अक्का, नीळ्ळु" म्हणून पाणी मागितलं तर त्या बाईनं पाणी दिलं अन् वरून एक इडली जास्त वाढली.

अन् बाबा, चार दिवस मी एक पोई लाटली नाही. कोणाच्या घरी नव्हती, म्हणून कोणाची मर्जी राखायची नव्हती. सकाळी उठून लुगडं दोरीवर टाकायचं, चहा प्यायचा, अन् समुद्राकडं तोंड करून बसायचं. कोणी विचारत नाही, किती दिवस आहात. या फिरण्याची गोडी काय, असं आता मले कोणी विचारलं तर मी हेच सांगीन.

तिसऱ्या दिवशी अराकूच्या डोंगरात जायचं ठरलं होतं, तिथं एक रात्र. पण त्याच सकाळी माझा गुडघा सुजला. पोट्टी बॅग खाली ठेवून म्हणे, "रहने दे आजी, नाही जात." तिचं ते तोंड पुन्हा. मी रखवालीसाठी आलेली, हे मले माहीत होतं. काही झालं असतं तर तिचं फिरणं तिथंच कायमचं संपलं असतं, अन् माझ्या पोरानं माझ्याशी बोलणं टाकलं असतं. तरी मी म्हटलं, "तू जा. उद्या दुपारपर्यंत ये." ती दोनदा वळून आली, "पक्का?" मी म्हटलं, "जा म्हटलं ना, गाडी थांबते का तुह्यासाठी?"

संध्याकाळी पोराचा फोन. "पोरगी कुठं आहे?" "न्हाऊन राहिली." दुसरी गोष्ट सुचली नाही. त्या रात्री बाबा, ती जिथं आपलं कोणी नाही तिथं होती, अन् मीही जिथं आपलं कोणी नाही तिथं होती. दुसऱ्या दिवशी दुपार झाली, दोन वाजले, तीन वाजले, फोन लागेना. पुण्याची पोरगी मले म्हणे, "आजी, डोंगरात रेंज नसते." मी पायरीवर बसली, गुडघ्याले पंचा बांधून. रस्त्यावरच्या प्रत्येक पिट्ठू बॅगकडं पाहत होती. पाच वाजता ती आली, बुटाले लाल चिखल. बस चुकली होती. ती घाबरली नाही, चहाच्या टपरीवरच्या बाईजवळ बसली, त्या बाईनं तिले बाजाराच्या बायांच्या जीपमध्ये बसवून दिलं. आल्या आल्या मले विचारते, "आजी, तू जेवली का?" मी पायरीवरून उठली. तिची बॅग हाती घेतली. हलकी होती, बाबा.

आता हिमाचलची गोष्ट निघाली तेव्हा पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणे, "आई, खरं सांग. एकटी सोडू का? तू संग होती, तू पाहिलं तिले." मी म्हटलं, "पाहिलं. कुठं थांबायचं, कोणाले विचारायचं, कुठून उठून निघायचं, पोट्टीले सगळं समजते." एवढ्यावर त्यानं हाव म्हटलं. आज तो स्टेशनवर सोडून आला अन् शेजाऱ्याले सांगत होता, आमची पोरगी एकटी जाते, नुसती एका बॅगवर. छाती एवढी फुगलेली.

अन् खरं म्हणजे मी पाहिलंच नव्हतं, बाबा. ती एकटी होती तेव्हा मी संग नव्हती. माझ्या पोरानं माझ्या डोळ्यांवर भरोसा ठेवून पोरगी सोडली, अन् ते डोळे तेव्हा पायरीवर बसून रस्ता पाहत होते. पोट्टीनंही त्याले सांगितलं नाही, अन् मीही नाही. तुमाले सांगून टाकलं, कारण तुम्ही ते त्याले सांगायले येणार नाही.