बंद पोर्टवरचा शेजारी

११ नोव्हेंबर
आलो एकदाचा. केडगाव स्टेशनजवळ खताच्या दुकानावर ऑफिस, मागं माझी खोली, खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर दिसतात. झकास. कॉलेज सोडलेल्याला हे काम मिळालं म्हणून घरचेही गप्प. गावोगावच्या इंटरनेटच्या लाईनी सोपानमामांच्या. आज त्यांनी स्विचची, म्हणजे लाईनी जोडणाऱ्या पेट्यांची, सेटिंग शिकवली. गावागावांतले स्विच एकमेकांना सारखे हॅलो करतात. उत्तर आलं की शेजारी होतात, मग कुणाकडं कुठून जायचं ते सांगतात, आणि शेजाऱ्यानं सांगितलेलं खरं धरतात. म्हणून घराकडं जाणारा पोर्ट, म्हणजे वायर लागते ते भोक, पॅसिव्ह, म्हणजे मुका ठेवायचा. मामांचं म्हणणं, लोकांच्या उंबऱ्यावर आपल्या स्विचनं तोंड उघडायचं न्हाई, कोण ओ देईल काय नेम.

१३ नोव्हेंबर
वडगाव रासाईच्या गिऱ्हाइकांत संपतआप्पा निघाले. कॉलेजातल्या सायलीचे वडील. तिच्याशी बोलला म्हणून मी एका पोराला वर्गात मारलं होतं. तेव्हापासून तिनं मला ब्लॉक केलंय, आणि मी कॉलेज सोडलंय.

१४ नोव्हेंबर
डोकं फिरलं. तिच्या पोर्टवरचं पॅसिव्ह काढलं. तिचा राऊटर शेजारी झाला की घरात कुणाचा मोबाईल कधी जोडला ते इथं बसून दिसेल. लिहितानाही लाज वाटते. आईनं फोनवर विचारलं, नवीन काय शिकलास. काही नाही म्हणालो.

१५ नोव्हेंबर
शेजारी झाला. पण नंबर तिच्या राऊटरचा नाही. घाबरून वडगावला गेलो, खांबावरच्या पेटीतून तिची वायर उपसली. परत येऊन बघतो तर शेजारी तसाच, आणि आप्पांच्या घरी नेट चालू. तो शेजारी सांगतोय, सायलीकडं जायची सगळ्यांत जवळची वाट माझ्यातून आहे. आमचे सगळे स्विच ते मानतायत. पॅसिव्ह परत टाकलं. स्विच घेत नाही.
मामांना सांगायला पाहिजे. ते विचारतील, काढलंस कशाला.

१७ नोव्हेंबर
सायलीनं ब्लॉक काढलं. मेसेज आला, काल किती शांत बोललास, आधी असा असतास तर.
मी बोललोच नव्हतो. व्हॉट्सॲपवर फोन करून सांगितलं, तो मी नाही. ती लाजून हसली. म्हणाली, मला पण तू आवडतोस. मी बोललेलं तिला भलतंच ऐकू गेलं होतं.

१८ नोव्हेंबर
मामा म्हणाले, तोंड का उतरलंय रं रविराज, पोरीबिरीचं लफडं हाय व्हय, चहा घे आन् कामाला लाग. चहा घेतला, कामाला लागलो.

१९ नोव्हेंबर
तिनं लिहिलंय, उद्या घरी ये, आप्पा भेटायला तयार आहेत. मी लिहिलं, येणारा मी नसेन, दार उघडू नको. निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचलं. उत्तर — पोहे करते.

२० नोव्हेंबर
सगळं सांगितलं मामांना. चिडले नाहीत. त्याचीच जास्त लाज —
मामांनी आप्पांना व्हॉट्सॲपवर फोन लावला. आप्पा म्हणाले, रविराज हितंच बसलाय की, लई शांत पोरगं हाय.
मामांनी माझ्याकडं बघितलं. मागं सरकले. मला जिन्यात ढकलून आतून कडी घातली. हाका मारतोय, ओ देत नाहीत.
पायरीवर बसलोय. फोन त्या शेजाऱ्यातूनच गेला, आप्पांचं बोलणं खोटंही असेल. गाडी काढतो. भीमेचा पूल ओलांडून समोर उभा राहिलो की —
पण तिथं खरंच कुणी बसलं असेल तर? दोघांना बघून ती कुणाला म्हणेल, तू कोण?