थोरली आणि धाकटी

सर, काल टीव्हीवर गाड्यांची शर्यत चालली होती. एकाच मालकाचे दोन संघ पळत होते. इंजिन एकाच कारखान्यातलं, बाकीचं सामानही बरंचसं सारखं, तरी एका संघाच्या गाड्या पुढं आणि दुसऱ्याच्या पार मागं. माझा मुलगा म्हणाला, "आई, मालक एकच आहे ना? मग दुसऱ्यांना मुद्दाम वाईट गाडी देतो का तो?" बारा वर्षांचा आहे तो, त्याला असं वाटणं माफ आहे. मी वीस वर्षांची होते आणि हाच संशय मी तुमच्यावर घेतला होता. नुसता घेतला नाही, तर प्राचार्यांकडं तसा निनावी अर्ज केला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि तो अर्ज कोणी केला हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणते. पत्र्याचं छत, लेथच्या तेलाचा वास, तुमच्या टेबलावर उलटा ठेवलेला चहाचा कप. कॉलेजांच्या स्पर्धेला आपण दोन बग्ग्या, म्हणजे मुलांनीच बांधलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्या, पाठवणार होतो, म्हणून तुम्ही आमच्या वर्गाचे दोन संघ पाडले. पहिली गाडी थोरली, दुसरी धाकटी, ही नावं तुमचीच. तुम्ही आधी कुठल्याशा कारखान्यात फोरमन होतात आणि निवृत्तीनंतर कॉलेजात करारावर आलेले होतात. दर जूनमध्ये करार नव्यानं व्हायचा. मी धाकटीची कॅप्टन झाले तेव्हा तुम्ही मला स्वतःचा मोजायचा टेप दिलात आणि म्हणालात, "सांभाळून वापर पोरी, माझ्या नोकरीइतका जुना हाय त्यो." मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मी स्वयंपाकघराचा ओटासुद्धा मोजला.

हर्सूलच्या पुढं एका मोकळ्या रानात आपण फक्कीनं वळणं आखून चाचणी घ्यायचो. सकाळी ऊन कोवळं असायचं, आजूबाजूची म्हशी राखणारी माणसं बांधावर बसून गंमत बघायची. थोरली सुसाट जायची. धाकटी सरळ रस्त्यावर तिच्या बरोबरीनं असायची आणि वळण आलं की मागं पडायची. दर वेळी. वळणातून उठायला इंजिनात जोरच नाही, अशी माझी खात्री झाली. मी हट्टाला पेटले. रोज संध्याकाळी त्यांचा संघ गेला की तुमचा तो टेप घेऊन थोरलीचा एकेक पाइप मोजायचे आणि धाकटी तिच्यासारखी आहे ना ते बघायचे. सूतभर फरक दिसला तरी कापून पुन्हा जोडायला लावायचे. सीटसुद्धा त्यांची जिथं बसवली होती तिथंच मी आमची बसवली. गाड्या तंतोतंत सारख्या करायच्या, म्हणजे उरलेला फरक इंजिनाचाच, आणि इंजिनं तर तुम्ही वाटलेली. असा माझा हिशोब होता.

आमचा ड्रायव्हर वेरूळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, सहा फूट उंच. एकदा तो म्हणाला, "कॅप्टन, वळताना गुडघा स्टिअरिंगला लागायलाय." मी म्हणाले, "थोरलीतही तेवढंच अंतर आहे, त्यांचा नाही लागत." तो मान हलवून पुन्हा गाडीत बसला. भिडस्त होता, आणि माझ्या तोंडाला सगळेच भ्यायचे. त्याच आठवड्यात मी औरंगपुऱ्यातल्या एका नेट कॅफेत बसून अर्ज टाइप केला. वर्कशॉपचे सर पक्षपात करतात, चांगलं इंजिन एकाच संघाला देतात, असं लिहिलं, खाली 'एक विद्यार्थी' एवढंच टाकलं आणि प्राचार्यांच्या पेटीत सोडला.

दोन दिवसांनी मी तुमच्यासमोरही तेच बोलले. वर्कशॉपमध्ये सगळे होते. तुम्ही रागावला नाहीत. फडक्यानं पाना पुसत म्हणालात, "इंजिनच कशाला, अख्खी गाडीच घ्या की त्यांची. ते तुमची घेतील. आठ दिवस." मी मनातून खूश झाले, आता दूध का दूध होणार म्हणून. रविवारी रानात गेलो. आम्ही थोरलीत, ते आमच्या धाकटीत. पहिल्याच फेरीला धाकटी आमच्या पुढं गेली आणि शेवटपर्यंत पुढंच राहिली. माझी धाकटी, जी मी तीन महिने शिव्या घालत बांधली होती.

तुम्ही आमच्या ड्रायव्हरला खाली उतरवलं नाहीत. मला गाडीपाशी बोलावलंत आणि त्याला स्टिअरिंग डावीकडं फिरवायला सांगितलंत. त्याचे गुडघे मधे आले. हात अर्ध्यातच अडले. मग तुम्ही थोरलीच्या ड्रायव्हरला तिथं बसवलंत. तो माझ्या खांद्याइतका. त्याचे हात मोकळे फिरले. "ह्या पोराला बसवून त्यांनी सीट ठोकली," तुम्ही म्हणालात. "तू कुणाला बसवून ठोकली?"

मी टेपला बसवून ठोकली होती, सर. तीन महिन्यांत मी थोरलीचा पाइप न् पाइप मोजला आणि माझ्याच माणसाचा पाय एकदाही मोजला नाही. दुसऱ्यांच्या ड्रायव्हरच्या मापाची गाडी बांधून आमच्या ड्रायव्हरला तिच्यात कोंबलं, आणि दोष तुम्हाला दिला. सोमवारी आम्ही सीट चार बोटं मागं सरकवली. स्पर्धेत धाकटी थोरलीच्या दोनच नंबर मागं आली, आणि तुम्ही सगळ्यांना इमरती खाऊ घातलीत.

काल मुलाला मी हे सगळं सांगितलं, गुडघ्याच्या गोष्टीपर्यंत. कंपनीतही नव्या पोरांना सांगते, ते हसतात, माना डोलावतात. पुढचं मी कुणालाच सांगत नाही.

स्पर्धेहून आल्यावर प्राचार्यांचं पत्र तुमच्या हातात पडलं. अर्जाचा खुलासा मागितला होता. तुम्ही मलाच बोलावलंत. "तुझं अक्षर चांगलंय. मी सांगतो, तू नीट भाषेत लिही." मी समोर बसले. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते. दोन्ही इंजिनं सीलबंद आली होती, मुलांनीच चिठ्ठ्या टाकून घेतली होती. खरंच की, चिठ्ठी मीच उचलली होती. त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. तुम्ही कपातला चहा बशीत ओतून अर्धा माझ्याकडं सरकवलात आणि मी तो प्याले. मग तुम्ही म्हणालात, "अजून एक लिही. ज्या पोरानं अर्ज केला त्याला हुडकू नये, त्याला काही करू नये. लहान हाय, जीव तोडून काम करतंय, म्हणून चिडलं असंल." आणि न वाचताच सही केलीत.

जूनमध्ये तुमचा करार झाला नाही. त्या अर्जामुळं की वयामुळं, मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. हर्सूलला तुमच्या घरावरून दोनदा गेले, स्कूटर हळू केली, थांबले नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं सांगायला आमच्या ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, मला माहीत आहे. तरी एवढं लिहून ठेवते. तुमच्या खुलाशात 'त्याला हुडकू नये' या शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली होती. तुम्ही ती मारायला सांगितली नव्हती.