बिया काढलेल्या चेरी

आई,

तू गावी होतीस तेव्हा माझी पत्रं तुला शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे. ज्यांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं त्यांच्याच तोंडून तू ती ऐकणार, म्हणून मी नेहमी खुशालीच लिहायचो. पगार वेळेवर होतो, जेवण बरं आहे, काळजी नसावी. हे पत्र कुणी वाचून दाखवणार नाही, तेव्हा खरं लिहितो. तुझी सून फार आजारी आहे. पोटाचा आजार आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता पथ्य नको. त्या जे मागतील ते द्या." आपल्या गावात वैद्य असं म्हणाले की माणसं पाहुण्यांना निरोप धाडायची.

घरी येऊन तिला विचारलं, काय खावंसं वाटतं? नारळपाण्याशिवाय बरेच दिवस तिच्या पोटात काही ठरलेलं नाही. ती म्हणाली, "क्लाफुती." मला काही कळेना. "फ्रान्सच्या खेड्यातला गोड पदार्थ आहे हो. ताज्या चेरी मांडायच्या, वर दूध, मैदा, साखरेचं पातळ पीठ ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं." मग हळूच म्हणाली, "अंडी लागतात."

ती नोकरीला होती त्या कॉलेजच्या पाककलेच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ मुली शिकायच्या. उन्हाळ्यात चेरी आल्या की तिथल्या बाई एकदा तरी करायला लावायच्या आणि ही तिथेच उभ्या उभ्या खायची. इतकी वर्षं, दर मोसमात. घरी एक तुकडा कधी आणला नाही, कारण तू गावाहून एसटीत मांडीवर घेऊन आलेले देव आपल्या स्वयंपाकघरातच आहेत. तू देवाघरी गेल्यावरही आणला नाही. तुला तो दिवस आठवतो का? आधीची नोकरी सोडून वाघोडियाच्या कारखान्यात मी नवीनच लागलो होतो. कँटीनमध्ये आम्लेट खाल्लं आणि घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितलं. तू ओरडली नाहीस. पोळी लाटता लाटता म्हणालीस, "डोक्यावरून पाणी घे, मग ओट्याजवळ ये." थंडीचे दिवस होते. मी कुडकुडत न्हाणीघरातून बाहेर आलो तर ही टॉवेल घेऊन दाराशी उभी, तोंडावर पदर दाबून हसते आहे. "आता शेंडी पण ठेवा," म्हणाली. ती तेव्हा एवढी का हसत होती, ते मला आत्ता कळलं.

काल सकाळी फतेगंजच्या बाजारात गेलो. गुजराती फळवाल्याने एक चेरी चाखायला माझ्या हातावर ठेवली. "काका, चाखी तो जुओ, साकर जेवी छे!" मी ती परत पेटीत ठेवली. "केम, डायाबिटीस छे?" म्हणून तो हसला. नवं फळ आधी देवाला, हे त्याला काय सांगू. घरी आल्यावर वाटीभर चेरी तुझ्या देवांपुढे ठेवल्या, हात जोडले. मग पिशवीतून अंडी काढली आणि देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला. दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. आपण हे कुणापासून लपवतो आहोत, असं वाटलं आणि पडदा पुन्हा उघडला.

चेरी घेऊन तिच्या खाटेजवळ बसलो. तिच्या केसांच्या आकड्याने एकेक बी उचकून काढत होतो. केस गळाल्यापासून तिला आकड्यांचा उपयोग नाही. ती पाहत होती. "अहो, बिया काढत नसतात. बियांनीच तर वास येतो. खाताना थुंकायच्या."

"तुला घशात अडकेल."

"एवढं निरखून तर तुम्ही मला बघायला आलात तेव्हाही पाहिलं नव्हतं." एवढं बोलून तिला धाप लागली, पण बोलली याचंच मला बरं वाटलं.

ओव्हन त्या कॉलेजच्या बाईंनी रिक्षात घालून पाठवला होता. फोनवर त्या सांगत होत्या, मी करत होतो. "भाऊ, घाबरू नका. आपलं धिरडं असतं ना, तेवढं पातळ पीठ." धिरड्याचं पीठ मला ठाऊक आहे, तू वाटीने गोल गोल सोडायचीस तसं. पहिलं अंडं फोडताना कवच आत पडलं, ते चमच्याने काढलं. तुझ्या ओट्यावर मी हे करतो आहे, याचं मला नवल वाटत होतं. घरभर गोड, दुधाळ वास पसरला. पदार्थ छान फुगून वर आला आणि बाहेर काढताच खाली बसला. बिघडला, असं मला वाटलं. मी ताटली तिच्यापुढे धरली. उशीवरून मान उचलून तिने पाहिलं. "तसंच बसतं ते," म्हणाली. महिन्याभरात तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

मी निवू दिलं, चमच्याने एक घास दिला. तिने डोळे मिटले. तोंडात घोळवत राहिली. तिच्या गळ्याकडे मी पाहतो आहे, आता गिळेल, आता गिळेल. तिने दोनदा प्रयत्न केला. मग हात पुढे केला, मी तिच्या तोंडापाशी रुमाल धरला. चेरीचा लाल डाग त्यावर पसरला. ती म्हणाली, "छान झालंय. पुढच्या वर्षी साखर जरा कमी घाला." मी म्हणालो, "हो, घालतो."

बाकीचं तसंच झाकून ठेवलं आहे. मी ते खाऊ शकलो नाही, टाकूही शकलो नाही.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. आतून तिचा आवाज आला, "माझ्यासाठी काय मागितलंत?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

आई, नेहमीचं मागितलं नाही. तिला लवकर सोडव, एवढंच म्हणालो.