बडे बाबूंचा ओरचाटा

१४ एप्रिल २००२, रविवार
बेचाळीस डिग्री. कूलरमध्ये पाणी मी भरायचं की लेकीने, अनुश्रीने, या वादात कूलर कोरडाच.

बायकोचा, म्हणजे मंदाचा, भाचा पराग स्पेनहून आलाय. कंपनीने टाइल्सचं मशीन शिकायला पाठवला होता. म्हणाला, सांग्रिया, ती फळं घातलेली वाइन, काय ते टूरिस्ट पितात. तिथली घरची माणसं उन्हाळ्यात ओरचाटा पितात, कसल्याशा कंदाचं गार दूध. नाहीतर गास्पाचो, म्हणजे कच्च्या टोमॅटो-काकडीचं थंड सार. नाहीतर टिंटो, तांबड्या वाइनमध्ये लेमन सोडा. ऐकता ऐकता मला माझं पुढचं आयुष्य दिसलं. रायपूर आता राजधानी आहे. राजधानीने मठ्ठा किती दिवस प्यायचा?

निश्चय: व्हीआरएस घ्यायची. बूढापाऱ्यातल्या आपल्याच ओट्यावर स्पॅनिश कोल्ड्रिंक्सचं दुकान. उद्यापासून चहा बंद.

१५ एप्रिल
चहा घेतला. सोमवार होता.

१७ एप्रिल
मंदाला सांगितलं. ती कैरी किसत होती, किसतच राहिली. म्हणाली, पोट्टीचं लग्न व्हायचं हाये अन् तुम्ही बडे बाबूची नोकरी सोडून सरबत इकता का? मी स्थानिक लोक काय पितात ते समजावलं. ती म्हणाली, इथले स्थानिक लोक पन्हं पितात.

शेवटी तिनेच अट घातली. ५ मेला आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. पन्ह्याऐवजी तुमचं पाजा. सगळे ग्लास रिकामे परत आले तर खुशाल अर्ज द्या. एक जरी भरलेला आला, तर रिटायर होईपर्यंत व्हीआरएसचं नाव काढायचं नाही. बिचारी. स्वतःच्या हाताने हरली.

२० एप्रिल
टिंटो रद्द. हळदीकुंकवात वाइन म्हणताच मंदाने नुसतं पाहिलं.

ओरचाट्याच्या कंदाबद्दल परागला फोन केला. म्हणाला, काका, नागरमोथ्याच्या जातीचं गवत असतं, त्याच्या मुळाशी गाठी येतात. जातीचं कशाला, नागरमोथाच आणला. गोलबाजारातल्या जडीबुटीवाल्याने विचारलं, किस बीमारी के लिए? म्हटलं, प्यास. त्याने आणखी एक पुडी आपल्या मनाने दिली.

२२ एप्रिल
पहिला प्रयोग. भिजवला, वाटला, गाळला, साखर घातली. वास ओळखीचा. कुठला ते आठवेना.

अनुश्रीने ग्लास नाकाशी नेऊन विचारलं, पापा, ये पीना है कि लगाना है? पोरीला मराठी सगळं समजतं, उलट बोलायचं तेवढं हिंदीत. मंदा म्हणाली, मले तर दिवाळीच्या आंघोळीचा वास येऊन राहिला, उटण्यात हाच नागरमोथा राहते. असेल. स्पेनमध्ये दिवाळी नसते, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.

मी पूर्ण ग्लास प्यायलो. मग जीभ ठिकाणावर यावी म्हणून चहा. तो औषध म्हणून, धरायचा नाही.

२४ एप्रिल
गास्पाचो. टोमॅटो, काकडी, कांदा, लसूण, शिळा ब्रेड, सगळं मिक्सरमध्ये. मंदा म्हणे, कोशिंबीर दळून आणली का? अनुश्री म्हणे, इसमें तड़का कब लगेगा? घरात कल्पनाशक्ती माझ्यावरच संपली.

२८ एप्रिल
पाटी आली. मी लहानू पेंटरला कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं: यहाँ ठंडा ओरचाटा मिलेगा. लहानूला वाटलं बडे बाबूंचं हिंदी कच्चं आहे, म्हणून त्याने प्रेमाने शुद्धलेखन सुधारलं. पाटीवर आहे: यहाँ ठंडा और चाँटा मिलेगा.

शेजारचे भैय्यालालजी, रेल्वेतले, पाटीसमोर उभे राहून मोठ्याने वाचत होते. म्हणाले, ठंडा तर समजलं, पण चाँटा कोन मारन, तुम्ही का वहिनी? रस्त्यावरचे दोन स्कूटरवाले थांबले. पब्लिसिटी सुरू झाली म्हणायची.

५ मे, सकाळ
आजचा दिवस. मंदाला ताकीद दिली, पन्ह्याचा थेंब दिसता कामा नये. ती हव म्हणाली. इतक्या चटकन कधी म्हणत नाही. पराभव मान्य केला असावा.

५ मे, संध्याकाळ
जिंकलो.

हळदीकुंकवात पुरुषाने लुडबुड करू नये हे मला कळतं, पण प्रश्न भविष्याचा होता. मी ट्रे घेऊन दारातच उभा राहिलो. बायका अंगणात मोगऱ्याच्या कुंड्यांजवळ बसल्या होत्या. आमच्या साहेबांच्या मॅडमही आल्या होत्या. मी अदबीने विचारलं, मॅडम, ओरचाटा दूँ? त्या जरा मागे सरकल्या. मग ग्लास घेतला. समता कॉलनीच्या रमाताई म्हणाल्या, अगदी दिवाळीची आठवण झाली हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी वाटली डाळ आणायला आत गेलो नि परत आलो, तर सगळे ग्लास रिकामे. ओरचाट्याचे आणि गास्पाचोचेही. बायका एकेक करून मंदाच्या मागे स्वयंपाकघरात जात होत्या. कृती विचारायला असणार. तिथून हसण्याचे आवाज येत होते. माणसं खूश झाली की हसतात.

६ मे
साहेबांना अर्ज दिला. सोबत ओरचाट्याची बाटली. साहेबांनी विचारलं, ये क्या है? म्हटलं, सर, ओरचाटा. साहेबांनी बाटली जरा दूर सरकवली. मग म्हणाले, किसको, बड़े बाबू? समजावून सांगेपर्यंत पुढचा माणूस आत आला. अर्ज मात्र पेपरवेटखाली ठेवलाय. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

८ मे
मोगरा वाळला. ऊन फार आहे. कुंडीत टोमॅटोच्या बिया कशा आल्या कळत नाही. चिमण्या.

१० मे
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, बड़े बाबू, मैडम उस दिन से आपके घर के पने के गुण गा रही हैं. म्हटलं, सर, पनाच नव्हता. साहेब हसले. म्हणाले, किचन में था. मग ड्रॉवरमधून माझा अर्ज काढून परत दिला. मैडम ने रुकवाया है, आपकी मिसेस ने कहा था.

घरी आलो. मंदा शांतपणे म्हणाली, तुम्ही दारात डोळे लावून उभे होते, बायायले दया आली. कुंडीत ओतलं बिचाऱ्यायनं. तुमचं मन कोन मोडन? मग मी आत नेऊन पन्हं दिलं. ग्लास रिकामे झाले, म्हणून तुम्हाले अडवलं नाही. मॅडमले मात्र सांगून ठेवलं.

खूप राग आला. मोगऱ्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं, सोमवारी ऑफिस आहे. एक तारखेला पगार आहे. इतकं बरं वाटलं की मंदाच्या हातचं पन्हं मागून प्यायलो. चांगलं होतं. दुसरा ग्लासही चांगला होता.

१२ मे, रविवार
लहानूने पाटी उलटी करून मागच्या बाजूला लिहिलं: यहाँ ठंडा पना मिलेगा. दर रविवारी, मंदाचं. शुद्धलेखन बरोबर आहे, मंदाने उभं राहून लिहून घेतलं. सकाळपासून ओट्यावर गर्दी आहे. साहेबांच्या मॅडमनी भरून न्यायला कॅन पाठवलाय.

मी उकडलेल्या कैऱ्यांची सालं काढतोय. बोटं चिकट झाल्यामुळे आजचं पान नीट उलटत नाही. परागचा फोन आला, स्पेनमध्ये हिवाळ्यात लोक घट्ट चॉकलेट पितात म्हणे. ऐकून घेतलं. मंदाकडे पाहिलं. फोन ठेवला.

आत्ताच भैय्यालालजी ग्लास घेऊन ओट्यापाशी आले आणि पन्हं संपवून विचारू लागले, काहून हो बडे बाबू, और चाँटा?

म्हटलं, नको. एक पुरे झाला.